भाचीची भिंत

भिंतीला जेवायला घालणारं माणूस आख्ख्या दहिसरात एकच, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची भाची. मी सातवी नापास, तरी तिचं ऐकून ऐकून पाठ झालंय. मेंदूतल्या नसांना म्हणे राखणदार भिंत असते, ती रक्तातलं वाट्टेल ते आत सोडत नाही, औषधसुद्धा अडवते. तसली भिंत ही बाई अंधेरीच्या लॅबमध्ये माणसाच्या पेशी लावून वाढवते, तीही माझ्या अंगठ्याएवढ्या पारदर्शक पट्टीत. एका बाजूनं औषध सोडायचं, पलीकडे किती उतरतं ते बघायचं. माणसाच्या पोटात जायच्या आधी औषधाची परीक्षा. पण पेशी जित्या, त्यांना खाणं लागतं, दिवसाआड, ठरल्या वेळी. मग रविवार असो की गणपती, ही निघाली. स्वतःच्या साखरपुड्यात अंगठी घातली आणि फोटोच्या आधी रिक्षात बसली. आमची ही व्याह्यांना म्हणाली, "तुमच्या मुलाची सवत अंधेरीत आहे, आत्ताच सांगून ठेवते." व्याही हसले, विहीणबाई नाही हसल्या.

आमच्याकडे आली की भाची कोपरापर्यंत हात धुणार, उघड्या पातेल्यावर कोणी बोललं तर डोळे वटारणार. आमच्या बाथरूमचं छत गळायचं आणि गवंडी म्हणायचा, गळत नाही, दमट हवा आहे. हिनं वरच्या बिऱ्हाडात जाऊन लाल रंगाचं पाणी ओतलं आणि खाली येऊन दोन तास मान वर करून उभी राहिली. लॅबमध्ये भिंत गळते का ते असंच बघतात म्हणे. छतावर लाल डाग उमटला, गवंड्याची बोलती बंद. खोटं तिला चालत नाही. धीर द्यायलासुद्धा नाही.

मग माझ्या बायकोच्या डोक्यात गाठ निघाली. गोळ्या मीच द्यायचो, सकाळी आठ, संध्याकाळी आठ. एकदा संध्याकाळी खुर्चीत डोळा लागला आणि गोळी राहिली. कोणाला बोललो नाही. पुढं ती गेली. ती राहिलेली गोळी मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. वर्षश्राद्धाला भाची आली तेव्हा डबी तिच्या हातावर ठेवली, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "टाक तुझ्या भिंतीवर. एक चुकली म्हणून गेली का, बघ."

तिनं डबी उघडून गोळी तळहातावर घेतली. "काका, औषध पलीकडे जातं का, एवढंच माझी पट्टी सांगते. मावशी का गेली, ते तिला नाही कळत. मलाही नाही."

मला राग आला. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, तुमची काही चूक नाही. लोक म्हणतातच. तिनं गोळी परत डबीत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या शेजारी बसून राहिली. तिची निघायची वेळ झाली, टळून गेली, तरी उठेना. साखरपुड्यात न थांबलेली पोरगी.

शेवटी मीच म्हटलं, "ऊठ. तुझी भिंत उपाशी असेल."

"राहू दे काका आज."

"राहू देऊ नकोस. वेळ चुकवू नकोस गं."

ती धावत जिना उतरली. रिक्षा वळेपर्यंत मी गॅलरीत उभा होतो. मग आत आलो, घड्याळ बघितलं. आठ वाजायला आले की अजून मी पाण्याचा ग्लास भरून ठेवतो.