सहा पांढऱ्या उंदरिणी

पलक उंदरांवर संशोधन करते, हा विषय धुळ्यात तिच्या घरी कुणी काढत नसे. पप्पांच्या, म्हणजे गौतमचंदांच्या किराणा दुकानात कुणी विचारलंच, तर ते सांगायचे, पोरगी जळगावला केमिस्ट्री करते. खोटं कुठं होतं ते? पेशीच्या अंगावर प्रथिनांच्या खुणा असतात. आपला कोण नि परका कोण, हे शरीर त्यांच्यावरून ओळखतं. पपईच्या चिकातल्या एन्झाइमनं त्या खुणा पेशीवरून कापून घ्यायच्या आणि कशाच्या बनल्यात ते तपासायचं, हे तिचं काम. त्यासाठी उंदीर मारावे लागतात, हे मात्र घरात बोलायचं नाही. पर्युषणाचे आठ दिवस एकालाही मारणार नाही, असा शब्द तिनं मम्मीला दिला होता आणि पाळलाही होता.

आठव्या दिवशी, संवत्सरीला, मम्मी म्हणजे धनकुंवर तिला न्यायला थेट प्रयोगशाळेत आली. संध्याकाळी दोघींना जैन स्थानकात प्रतिक्रमणाला, वर्षभराच्या चुकांची कबुली द्यायला बसायचं होतं. मम्मीचा निर्जळी उपास. तुझे उंदीर बघू तरी दे म्हणाली, आणि या शहाणीनं नियम गुंडाळून ठेवून तिला आत नेलं. तेवढ्यात फोन वाजला म्हणून पलक बाहेर गेली. परत येते तो काय, मम्मी समाधानानं हात पुसत उभी. एका पिंजऱ्यात बिचारी एकटीच उंदरीण बसली होती, तिला शेजारच्या पाचजणींत सोडून दिलं होतं.

झालं! ती एकटी वेगळ्या वाणाची, या पाचजणी वेगळ्या वाणाच्या, आणि सगळ्या सारख्याच पांढऱ्याफेक. कानाला खूण करायचं काम पलकचंच होतं, ते तिनं उद्यावर ढकललेलं. तिच्या मार्गदर्शक किरण मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सरमिसळ झालेल्या उंदरिणी प्रयोगाला चालत नाहीत, सगळ्या संपवायच्या, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या. पलकनं हातापाया पडून संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. बाहेर बाकावर मम्मीला कळलं, आपण दया करायला गेलो आणि सहा जीव मरणाच्या दारात नेऊन ठेवले, तेही आजच्या दिवशी.

एक उपाय होता. शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं, पेशी धुवायच्या आणि त्या एकटीच्या वाणाच्याच खुणेला चिकटेल असं चमकणारं द्रव्य घालायचं. सूक्ष्मदर्शकाखाली जिच्या पेशी हिरव्या चमकतील, तीच ती. पलकनं पहिली काच लावली. अंधार. दुसरी, तिसरी, करत करत सहावीही अंधारीच. एक तरी चमकायलाच हवी होती! पेशी ज्या बाटलीतल्या पाण्यानं धुतल्या ती तिनं उचलून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. घाईत पपईच्या एन्झाइमची बाटली उचलली होती. ज्या खुणा शोधायच्या, त्याच तिनं स्वतःच्या हातानं छाटून टाकल्या होत्या.

मुकाट्यानं पुन्हा सहा शेपट्या टोचल्या. उंदरिणी चुळबुळत होत्या, आणि मुदत संपत आली म्हणून किरण मॅडम मागं येऊन उभ्या राहिलेल्या. पहिली काळी. दुसरी काळी. तिसरी काळी. चौथी मात्र हिरवीगार, कडेनं लखलखणारी! उरलेल्या दोन काळ्या निघाल्या. मॅडमनी स्वतः डोळा लावून पाहिलं, सगळ्यांच्या कानाला आत्ताच खूण कर म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सगळ्या वाचल्या हे ऐकून मम्मी पदरात तोंड खुपसून रडली. पलकचेही डोळे भरून आले. मग मम्मीनं तिथंच हात जोडले. वर्षभरात कळत-नकळत ज्या जिवाला दुखावलं, त्याची आज क्षमा मागायची असते. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा," ती लेकीला म्हणाली, आणि उंदरांच्या खोलीच्या बंद दाराकडं वळून पुन्हा तेच म्हणाली. मग बाजूला सरून तिनं पलकला जागा करून दिली, आता तू म्हण म्हणून.

पलकनं हात जोडले आणि पुन्हा खाली घेतले.

"मम्मी, झालेल्याची क्षमा मागता येते," ती म्हणाली. "ह्यांना मी उद्या मारणार आहे."