पांढऱ्या गोंदाचा कण

ठाकूरद्वारच्या आमच्या वाचनालयात जुनं चित्र फाटलं की वीस वर्षं मलाच हाक मारायचे. आता परळची एक मुलगी येते, रसायनशास्त्र शिकलेली. चित्राला हात लावायच्या आधी "एक मिनिट हं, मावशी" म्हणते, श्वास रोखते आणि जुन्या डिंकाचा राईहून बारीक कण सुईच्या टोकावर उचलते. तिच्या मशीनमध्ये त्या कणाचं सगळं कूळ कळतं. 'बहुतेक' हा शब्द तिच्या तोंडात नाहीच. मेला त्याचाच मला हेवा वाटतो. माझं सगळं काम बहुतेकवरच चाललं.

मागच्या महिन्यात तिने संस्थापकांचं तैलचित्र तपासायला घेतलं. ते फाटलं तेव्हा मागून मी चिकटवलं होतं, चिंचोक्याच्या खळीने, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. वाचनालयाचे चिटणीस चहाला गेले तशी ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"मावशी, ही खळ नाहीये. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आहे, सुतार वापरतात तो पांढरा गोंद. तोच कडक होऊन चित्राचं कापड ओढतोय."

"घाई होती गं तेव्हा."

"रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. चिटणीसांना आधी तुम्ही सांगता का?"

सांगितलं, मान खाली घालून. तिने टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं. उलट म्हणाली, "मला खरी खळ शिकवाल?"

शिकवली. चिंचोके किती भिजवायचे, किती शिजवायचे, सगळं. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, तेवढं मात्र सांगितलं नाही. काढू दे तिच्या मशीनला शोधून.