हट्ट्याच्या वावरातला साडीचा आडोसा

वच्छीला परत आनायला हट्ट्याला गेले ते तोंड वर करून. आले ते खाली घालून.

मी कुरुंद्याची. मालक जाऊन नऊ वर्सं झाली, तवापासून हळद काढनाऱ्या चौदा बायांची टोळी चालवते. आमचं काम गुत्त्यावर, म्हंजे जितकं वावर उरकलं तितकी मजुरी. त्यामुळं कामातून कोनी उठलं की मी चिडवायची. जीभच तशी हाये माझी. वच्छी टोळीत सगळ्यात चपळ, पन पानी लई प्यायची आन मंग बांधापल्याड जायची. मी तिला नाव ठेवलं, ‘नळ’. ती उठली की मी वरडायची, "आला गं नळ, हंडे काढा." बाया हसून लोळायच्या. वच्छी बी हसायची. औंदा ती आजारी पडली आन बरी झाल्यावर माहेरी, हट्ट्याच्या टोळीत लागली. मला वाटलं, जास्त मजुरीला भुलली. म्हनलं, दोन टोमणे मारते आन घेऊन येते.

कुनाला जायचं असल तं सांगते. रिक्षानं वसमत, तिथून बसनं झिरो फाटा, फाट्यावरून औंढ्याकडं जानारी गाडी हट्ट्याला उतरवते. एस्टीत बायांना अर्धं तिकीट. फाट्यावर भजे खावा, चहा मातर लई गोड. माझ्या पिशवीत धपाटे आन शेंगदान्याची चटनी व्हती. कंडक्टर म्हनला, "मावशी, लई जड हाये, काय भरलं?" म्हनलं, "सासू हाये. तिचं बी हाफ लाव." तिथवर मी खुशीत.

वावरात पैले दिसला आडोसा. चार बांबू, भवती जुन्या साड्या, आत बादली आन साबन. सरीच्या टोकाला घागर. सरी उरकली की बाई तांब्याभर पानी पिऊनच पुढची धरायची.

तिथली मुकादमीन गयाबाई, तांड्यावरली. मी इचारलं, "बाई, तुमच्या बाया काम कवा करतात?"

"आमच्यात घागर रिकामी झाल्याबिगर जेवायची सुट्टी न्हाई," ती म्हनली. "आन आधी बांबू रवायचे, मंग खुरपं."

"अशानं गुत्तं उरकतं व्हय?"

"तुमच्याकडनं आलेली बाई बघा की."

वच्छी सगळ्यांच्या दोन सऱ्या पुढं व्हती.

जेवून बाया अर्धा तास लिंबाखाली आडव्या झाल्या. मी वच्छीला धपाटे दिले. म्हनलं, "काय गं नळ, माहेरचं पानी गोड लागलं का?"

कोनी हसलं न्हाई. वच्छी धपाटं मोडत राहिली. मंग हळू म्हनली, "आक्का, तुझ्या त्या नावापायी औंदा मी पानीच सोडलं. सकाळी घोटभर, मंग एकदम घरी. तरी लागली तं दाबून धरायची. ताप आला तवा डाक्टर म्हनला, लघवीत जंतू झालेत."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तेचं बी नाव ठेवलं असतंस. मी कामानं न्हाई थकले आक्का. कोरड्या तोंडानं दिस मावळायची वाट बघून थकले."

मी उठून आडोशात गेले. मी बी सकाळपासून दाबूनच व्हते. टोळीत मी कधी उठत न्हाई, तेचाच मला तोरा. आत बसून रडले.

निघताना इचारलं, "येतीस का परत?"

"माझं नाव काय हाये आक्का?"

"वच्छला."

"दोन हंगामात पैल्यांदा घेतलंस," ती म्हनली. "हितलं उरकू दे. मंग बघते."

एकटीच परत आले. दुसऱ्या दिशी बाया यायच्या आधी वावरात चार बांबू रवले. मालकानं घेतलेली जांभळी साडी पेटीत जपून ठेवली व्हती, ती भवती गुंडाळली. सगळ्यांसमोर दोन तांबे पानी प्याले आन पैली मीच आत गेले. बाहेर आले तं बाया माना खाली घालून हळद निवडून राहिल्या व्हत्या.

म्हनलं, "हसा की गं. म्हना, आला नळ."

मंग सगळ्यात म्हातारी रुक्मीनबाई कमरेला हात लावत उठली आन आत गेली. तिच्यामागं दुसरी. मंग रांगच लागली, तेरा बायांची. मी घागरीपाशी तांब्या धरून उभी, कुनाच्या तोंडाकडं बघावं ते कळंना.