तळ्याकाठचा लॉन

रिटायर्ड माणसांनी कमिटी काढली की किस्से इतके साठतात, की केलेलं काम शोधावं लागतं! आमची तळे सुशोभीकरण समिती त्यातलीच. खाडीलगतच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनांमागे तळं, काठावर आमची सोसायटी. समितीत बँकेतले कुलकर्णी, शेजारच्या देशमुखवहिनी आणि मी, शाळामास्तर. जनूदादा समितीत नाहीत. त्यांचं फक्त घर चालतं या तळ्यातल्या मासळीवर.

*

पहिल्याच दिवशी काठचं पाणकणीस, लव्हाळी सगळं उपटलं. जनूदादा धावत आले. "मास्तर, त्यात मावरं अंडी घालतं!"

कुलकर्णी म्हणाले, "बसायला बाकडी टाकतोय ना!"

आम्ही हसलो. जनूदादा हसले नाहीत.

*

मग लॉन लावला. गोडाऊनचा माळी म्हणाला, "थोडा यूरिया मारो, साहब." आता कुलकर्णींना 'थोडा' कधी समजलंय? अख्खी गोण ओतली! संध्याकाळी धो धो पाऊस, सगळा युरिया तळ्यात. आठवड्यात पाणी पालकाच्या भाजीसारखं.

"लॉनला मॅचिंग झालं!" वहिनी म्हणाल्या.

*

नव्या मशीननं कापलेलं लॉनचं गवत घंटागाडीवाला घेईना. कुलकर्णींनी दिलं तळ्यात ढकलून. "माशांना चारा!"

"मावरं म्हंजे म्हशी न्हाय वो!" जनूदादा ओरडले.

चार दिवसांनी ते सडलं आणि मेलेले मासे काठाला लागले. जनूदादांनी ते टोपलीत भरले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

वहिनी एकदा खाडीकडून बादलीभर रोपं घेऊन आल्या. जांभळी फुलं, पाण्यावर तरंगणारी. "कुंड्यांचा खर्च वाचला!" आम्ही रीतसर हळदकुंकू वाहिलं, मी नारळ फोडला आणि टाळ्यांच्या गजरात ती तळ्यात सोडली. फोटो अजून माझ्याकडे आहे.

जलपर्णी होती ती! आता रोज सकाळी खिडकी उघडली की आधी तळ्याकडे बघतो. आज कुठवर आली असेल?

*

परवा रविवारी जनूदादांनी पाग फेकला. जाळं हवेत झकास गोल उघडलं, त्या हिरव्या जलपर्णीवर पडलं आणि तसंच राहिलं. बुडेचना! त्यांनी ते ओढून घेतलं, खाली बसले आणि एकेक पान सोडवू लागले.

मला राहवेना. म्हटलं, "जनूदादा, काही लागलं तर सांगा हां."

त्यांनी आमच्या लॉनकडे पाहिलं, मग तळ्याकडे.

"मास्तर, तुमची ती गवत कापायची मशीन पान्यावर चालंल का?"