तांदळातले देव

लग्नानंतरच्या माझ्या बहुतेक दिवाळ्या नवऱ्याशिवाय गेल्या. हे चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. दिवाळीत कंपनी बंद, आणि कंपनी बंद असली की मेंटेनन्सवाल्यांचं काम सुरू. मशिनं उघडायची, साफ करायची, ग्रीस भरून पुन्हा उभी करायची. त्याला शटडाऊन म्हणतात. शेजारपाजारच्या बायका पाडव्याला नवऱ्याला ओवाळायच्या आणि मी निगडीच्या स्टॉपवर, कंपनीच्या बसपाशी, फराळाचा डबा घेऊन उभी. शटडाऊन हा शब्दच मला सवतीसारखा वाटायचा. निवृत्तीनंतर तरी तिच्यापासून सुटका होईल असं वाटलं होतं, पण यंदा ह्यांनी शटडाऊन थेट घरातच काढलं.

झालं असं, की मुलगा कॅनडात. एकुलता एक. ह्यांना कंपवात असल्याचं निदान झाल्यापासून त्याचं दर रविवारी फोनवर एकच पालुपद, "आई, तुम्ही दोघं इकडे या. सहा महिने राहा, मग बघू." मी त्यातले सहा महिने तेवढे कानात ठेवले आणि 'मग बघू' सोडून दिलं. मला परत यायचंच होतं. प्राधिकरणातला हा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही पोटाला चिमटा काढून घेतलेला. इथे माझा भाजीवाला माझ्याशी भांडतो, इथे मला दार न वाजवता कुणाच्याही घरात जाता येतं. तिकडे जाऊन मी सुनेच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे ते विचारत फिरणार. सहा महिने चालेल. जन्मभर नाही.

ह्यांनी घर बंद करायचा कार्यक्रम आखला. नळांना चिंध्या गुंडाळल्या. टाकी उपसली. कुलपांना आणि बिजागऱ्यांना व्हॅसलीन लावलं. फ्रीज धुऊन, पुसून, दार मिटू नये म्हणून मध्ये फडक्याची घडी खोचून ठेवली. आणि प्रत्येक बटणाला दोऱ्यानं एकेक चिठ्ठी बांधली, 'चालू करू नये.' हात थरथरत असल्यामुळे अक्षर नुसतं वळवळत होतं. गाठ मारायला एवढा वेळ लागायचा की मला बघवायचं नाही. मी बांधून देते म्हटलं की अंगावर यायचे.

"अहो, ऑडिटला कोण येणार आहे?" मी चिडवायची. "बंद घरात बटण दाबायला भूत येणार?"

"तू तुझं भाजणीचं बघ."

मी माझं भाजणीचं बघत होते. मेतकूट, गोडा मसाला, लसणीची चटणी, कुरडया. पिंपरीच्या बाजारातून लोकरीचे मोजे आणले. शिवाय माझं एक कपाट मी वेगळंच लावत होते. त्यात धुतलेल्या चादरी, दोन टॉवेल, नवी झाडू, साबण, चहा-साखरेच्या घट्ट बंद बरण्या. लांबच्या प्रवासाहून दमून आल्यावर माणसाला आधी काय लागतं, तर चहा आणि स्वच्छ अंथरूण. हे एकदा त्या कपाटापाशी उभे राहिले, आत बघितलं आणि निघून गेले. मला वाटलं, पहिल्यांदाच माझ्या कामात खोट सापडली नाही.

स्कूटर विकली, तेव्हा मी म्हटलं, गंजण्यापेक्षा बरं. इन्व्हर्टरची बॅटरी त्यांनी समोरच्या भाभींच्या मिस्टरांना त्यांच्या गॅरेजसाठी देऊन टाकली, तेव्हा म्हटलं, पडून पडून खराबच झाली असती. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं.

राहिले देव. आमच्या देव्हाऱ्यात घराण्याचे टाक आहेत, म्हणजे कुलदेवतांच्या चांदीच्या छोट्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती. ह्यांचं गाव राजगुरुनगरच्या पुढे. सासूबाई गेल्यावर थोरला म्हणून टाक ह्यांच्याकडे आले. देव रोज पूजा मागतात, आणि घराला कुलूप लागणार असेल तर आमच्याकडे त्यांना तांदळात ठेवायची रीत आहे. माणसं परतली की देव बाहेर काढायचे, न्हाऊ घालायचे आणि त्याच तांदळाची खीर करून नैवेद्य दाखवायचा. मी नवे तांदूळ निवडले, स्टीलच्या डब्यात एकेक टाक अलगद पुरला, वर हळदकुंकू वाहिलं. "येईपर्यंत सांभाळून घ्या," म्हटलं. हे मागे पाटावर बसून बघत होते. त्यांनीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजणी दळायला गिरणीत गेले. गर्दी होती, वेळ लागला. गरम डबा पदरात धरून घरी आले तर मोरीत चहाचे दोन कप. धाकटे दीर येऊन गेले, ह्यांनी सांगितलं. जुना मिक्सर आणि घडीची कॉट घेऊन गेले म्हणे. मला न भेटता गेले याचा थोडा राग आला, पण गावी जायची घाई असेल म्हणून सोडून दिला.

संध्याकाळी आठवण झाली की तांदळाला कीड लागू नये म्हणून लवंगा घालायच्या राहिल्या. डबा उघडला. हळदकुंकू विस्कटलेलं दिसलं. बोटांनी तांदूळ बाजूला केले, मग मनगटापर्यंत हात घातला, मग सगळा डबा परातीत ओतला. तांदूळच होते. नुसते तांदूळ.

"अहो, देव कुठे आहेत?"

हे गीझरच्या बटणाला चिठ्ठी बांधत होते. वळले नाहीत. "धाकट्याकडे दिले."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू दिले असतेस?"

"नसते दिले!"

"मग?"

मी खूप बोलले. इतक्या वर्षांत बोलले नव्हते ते सगळं. दिवाळ्या काढल्या, सासूबाईंना मध्ये आणलं. तुम्ही माझ्या हातानं देव तांदळात ठेवून घेतलेत आणि मागे बसून हात जोडलेत, हे ढोंग कशाला, असंही विचारलं. घसा बसला तेव्हा थांबले. हे तोवर चिठ्ठी हातात धरून उभे होते.

"कंपनीत शटडाऊन घ्यायच्या आधी मशीन परत चालू करायची तारीख लिहितात," ते म्हणाले. "ती नसेल तर सही मिळत नाही. आपल्याकडे आहे का तारीख? परतीचं तिकीट काढलंय त्यानं?"

काढलं नव्हतं. "तिकडे आल्यावर काढू," असं मुलगा म्हणाला होता, आणि मला ते खटकलंही नव्हतं.

"माझं हे आता वाढतच जाणार. वर्षभरानं मला विमानात कोण बसवेल? देव किती दिवस डब्यात ठेवायचे, अगं?"

"मग ह्या चिठ्ठ्या कशाला बांधताय?"

"मला दुसरं काय येतं?" ते म्हणाले आणि पुन्हा गाठ मारायला लागले. ती बसेना. मी जवळ गेले आणि बांधून दिली. या वेळी ते अंगावर आले नाहीत.

तरी माझी एक वेडी आशा होती. टाक नुसते नेले असतील, अजून बसवले नसतील, तर मागवून घेता येतील. एकदा दुसऱ्या देव्हाऱ्यात पूजा होऊन बसले, की ते घर नांदतं आहे तोवर आमच्या घराण्यात त्यांना तिथून उठवत नाहीत. मी जावेला फोन लावला.

"व्हय वहिनी, आल्याबरूबर बसवलं," ती म्हणाली. "दादांनीच सांगितलं हुतं, उद्यावर टाकू नका म्हणून. अभिषेक केला, निवद दावला. आता तुमी काय बी काळजी करू नगा."

बरं केलंस, म्हटलं. फोन ठेवला आणि परातीतल्या तांदळाकडे बघत बसले. मला देवांचं दुःख नव्हतं. देव मजेत होते. माझंच घर संपलं होतं, आणि ते सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं.

सकाळी कामवालीला बोलावलं आणि कपाट रिकामं केलं. चादरी, टॉवेल, चहा, साखर, झाडू. "काकू, आल्यावर लागंल की तुमाला," ती म्हणाली. ने म्हटलं. तांदूळही तिलाच दिले. जाईपर्यंतचे दिवस मग कसे गेले ते नीट आठवत नाही. बॅगा वजन करकरून भरल्या. कुरडयांचा चुरा होईल म्हणून त्या काढून ठेवल्या.

निघायच्या दिवशी मुंबईच्या विमानतळाला जायची गाडी खाली आली. ह्यांना धरून बसवलं. समोरच्या भाभी पायऱ्या उतरून आल्या. आमच्या दोन घरांचा एक शिरस्ता आहे. कुणी गावाहून परतणार असलं की दुसऱ्या घरानं दूध घेऊन ठेवायचं आणि जेवायला गरम काहीतरी पाठवायचं. भाभींच्या हातात माझी किल्ली होती आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

"यायच्या आदल्या दिवशी फक्त फोन करा काकू. दूध मी घेऊन ठेवते, आणि जेवणाचं बघते."

कळवते, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ते तोंडातून येईना.

"दूध नका घेऊ, भाभी," मी म्हणाले. "आम्ही परत येत नाही."

गाडीची काच खाली होती. माझ्या प्रत्येक वाक्यात काहीतरी दुरुस्त केल्याशिवाय या माणसाला कधी चैन पडली नाही. मी वाट बघत थांबले. अजूनही त्यांनी म्हणावं, असं काय बोलतेस, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे बघत होते. मग बाजूला सरकले आणि मला बसायला जागा करून दिली.