पडद्यावरचा काळा भाग

स्पिरिटचा वास आला की चंदीगडची ती स्कॅनची खोली आठवते. मेंदूतली सेरोटोनिन नावाचं रसायन वाहून नेणारी प्रथिनं मोजायची, तर तुलनेसाठी डाव्या मनगटाच्या धमनीतून पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागे. त्या दिवशी एका निवृत्त फौजीचं मनगट काळंनिळं झालं, तरी तो म्हणाला, “कोई गल नहीं जी,” काही हरकत नाही. नंतर चित्र साफ करताना मागचा लहान मेंदू काळाच दिसला, म्हणून निरुपयोगी समजून मी तो खोडायला निघाले. मला काम शिकवणाऱ्या नागपूरच्या मॅडम ओरडल्या, “अगं, थांब! तिथं ती प्रथिनं जवळजवळ नाहीतच, म्हणून तोच आपला शून्य. त्याच्याशी ताडून बघ.” बघितलं, तर रक्तावरून काढलेलं उत्तरच समोर आलं; म्हणजे आता धमनीतून रक्त घ्यायची गरजच उरली नव्हती. दुसऱ्या स्कॅनला फौजीने सवयीने डावी बाही वर सारली; मी ती हळूच खाली ओढली. त्या कापडाचा स्पर्श बोटांना अजून आठवतो.