आक्काने फ्रिजमधून काढलेला डबा

स्वातीचे डोळे वर गेले, हात गार पडले. माझा मुलगा तिला उचलून रिक्षात घालत होता आणि माझी थोरली जाऊ, आक्का, तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "बाहेरचं खातात, मग असंच होतं."

स्वाती माझी नात, इंदूरला नोकरी करते. आदल्या दिवशी सकाळी बर्फाच्या पेटीतून सुशी घेऊन आली. आंबट भातावर कच्च्या माशाचा काप. "आजी, आजच संपवायची. तोवर फ्रिजमधून काढू नको हं," असं बजावून गावातच राजपुऱ्यात मैत्रिणीकडे गेली. मी दुपारी आडवी झाले.

चार वाजता परत येऊन स्वातीने डबा फ्रिजमधूनच काढला. गार होता. मी वास घेतला.

"आंबलंय गं."

"आजी, भातात सिरका असतो. टेन्शन नको घेऊ."

मासा बोटाला बुळबुळीत लागला. तापीचा असता तर मी मांजरालाही घातला नसता. पण परक्या देशाचं खाणं, म्हणून तिला खाऊ दिलं. तेवढी चूक माझी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "अम्मा, सच बताओ, किती वेळ बाहेर होतं?" मी घरी फोन लावला.

"आक्का, डबा काढला होता तुम्ही?"

"काढला. नैवेद्याच्या श्रीखंडाशेजारी मेलेला मासा? तू आडवी झालीस तेव्हाच ओट्यावर ठेवला. पोरगी यायच्या आत परत ठेवला ना? मग झालं!"

वैशाखातला ओटा. तीन तास.

ती जन्मभर असंच बोलली. माझा सव्वा महिन्याचा मुलगा मला न सांगता ती देडतलाईला माहेरी घेऊन गेली होती. तीन दिवस दूध साचून माझी छाती दगडासारखी झाली. चौथ्या दिवशी बाळ मांडीवर टाकून म्हणाली, "परत आणला ना? मग झालं!" सासूबाई हसल्या. मी हसले नाही. तोच मुलगा स्वातीचा बाप.

या खेपेला मी सोडलं नाही. घरी येईल त्या बाईला आक्कासमोर बसवून चहा दिला. "सांगा आक्का, डबा कुठे होता?" ती गळ्यातली माळ चाचपत बसायची. पुढे तिच्या हातचा प्रसाद कोणी खाईना. बायका तो तसाच ठेवून उठायच्या. मला बरं वाटायचं. अजून वाटतं.

आक्का अंथरुणाला खिळल्यावर एकदा म्हणाली, "माझं चुकलं, असं म्हणू का?"

"म्हणा."

ती म्हणाली नाही. स्वातीला भेटायचं म्हणाली, तेव्हा मीच पोरीला येऊ दिलं नाही.

आक्का पौषात गेली. स्वाती त्या वैशाखात सात दिवस सलाईनवर होती. ती जगली.